एक मैत्रीण विचारते

धुळे,
२० जून १९८८

लतामावशी,

होस्टेलवर येऊन आठवडा झाला. खोली मागच्याच वर्षीची, पण या खेपेला खिडकीजवळची कॉट मिळाली. बारावीचं वर्ष म्हणून आबांनी टेबललॅम्प घेऊन दिला आहे. केमिस्ट्रीचे सर पहिल्याच तासाला म्हणाले, "मार्चपर्यंत घर विसरा." मी विसरायला तयार आहे. मला तुझ्यासारखं नर्स व्हायचंय, तेही डिग्री घेऊन. आईला अजून बोलले नाही. तिला वाटतं, बारावी झाली की पोरगी उजवायची.

पत्र खरं तर दुसऱ्याच कामासाठी लिहितेय. धरणगावच्या लग्नात मी जिलबी वाढत होते, आठवतं? तुझ्या पंक्तीला नवरदेवाच्या मामी बसल्या होत्या, इंदिराबाई. त्या म्हणाल्या, "ही सुनंदाची पोर का? माय व! हिच्यासाठी पोरगा नंतर बघा, आधी पलंग मजबूत बघा." बायका हसल्या. तूही हसलीस. त्या हसल्याचं मला काही वाटलं नाही, पण तू हसलीस तेव्हा वाटलं, म्हणजे खरंच असणार.

मग जळगावला तू मला तुमच्या दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलंस आणि म्हणालीस, "पाचेक किलो जास्त आहेस, रत्ने." हे पाचेक किलो कसे उतरवायचे? इथल्या मुली काहीबाही सांगतात. कुणी म्हणतं मध खा, कुणी म्हणतं पोटाला ओला टॉवेल बांध. तू रोज डॉक्टरांबरोबर काम करतेस. तू सांगशील तसं करीन.

तुझी,
रत्ना

•

जळगाव,
२८ जून १९८८

रत्ने,

इंदिराबाईंचं काय मनावर घेतेस? त्यांना स्वतःला टांग्यात दोन माणसांची जागा लागते. पण वजनाचं म्हणशील तर वेळेवर आवरलेलं बरं. आमच्याकडे बाळंतपणाला येणाऱ्या बायका मी बघते ना. एकदा अंग सुटलं की सुटलं.

रात्रीचं जेवण सोडून दे. सकाळी एक भाकरी, आणि अर्धीवर भागलं तर उत्तम. भात, बटाटा, गोड, शेंगदाणे, तेलाची तर्री, सगळ्याला रामराम. भूक लागली की तांब्याभर पाणी प्यायचं. आठ दिवस जड जातील, मग भूकच मरते. होस्टेलजवळ कुठे काटा असेल तर बघ आणि दर पंधरा दिवसांनी मला आकडा कळव. पाच किलो उतरलीस की फुले मार्केटमधून पंजाबी ड्रेसचं कापड, तू म्हणशील त्या रंगाचं.

आज सकाळपासून तीन बाळंतपणं झाली. हे उभ्याउभ्याच लिहितेय. तुझ्या नर्सिंगचं मी अक्काशी बोलेन, काळजी करू नकोस.

लतामावशी

•

धुळे,
१७ ऑगस्ट १९८८

मावशी,

पाच झाले! पाचावर थोडे जास्तच. स्टेशनवरच्या काट्यात नाणं टाकून तिकीट काढलं, ते सोबत पाठवतेय, म्हणजे तुला खोटं वाटायला नको. कापड मोरपंखी घे.

तू लिहिलंस तसंच झालं. पहिले आठ दिवस मेसमधून शेवभाजीचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं. आता नाही येत. आता मी ताट घेते, भाकरी कुस्करते, इकडची तिकडे करते आणि रेक्टरबाई गेल्या की उठते. कुणाला कळत नाही. अर्ध्या भाकरीची मी आणखी अर्धी केली आहे. तू मला ओळखणारच नाहीस.

पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे उभी होते तेव्हा डोळ्यांपुढे काळं आलं. खाली बसले. ऊन होतं म्हणून असेल. माझ्या खोलीतली एक मुलगी पोट साफ होण्याची गोळी घेते, त्यानं पोट सपाट राहतं म्हणते. घेतली तर चालेल ना?

रत्ना

•

जळगाव,
२६ ऑगस्ट १९८८

रत्ने,

शाब्बास! आमच्या सिस्टर लोकांना तुझं तिकीट दाखवलं. म्हटलं, मनात आणलं तर काय होत नाही, माझ्या भाचीकडून शिका. कापड घेऊन ठेवलं आहे, दिवाळीला देईन.

सुरुवातीला चक्कर येतेच. लिंबूसरबत घे मीठ घालून. गोळी एखाद्या वेळी घ्यायला हरकत नाही. अभ्यास सोडू नकोस म्हणजे झालं.

लतामावशी

•

धुळे,
३० नोव्हेंबर १९८८

मावशी,

दिवाळीत तुझ्याकडे दोनच दिवस राहता आलं. तुमच्या गल्लीतल्या बायका मला बघून "हीच का ती?" म्हणत होत्या, तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात टाकलास, ते फार छान वाटलं. घरी आबा आपले शेतीच्या कामात होते. आईच एकटी म्हणत राहिली, "वाळी गई व मनी पोर." तिनं कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर ठेवला आणि मी खाईपर्यंत समोरून हलली नाही. मी खाल्लं. मग मागच्या दारी जाऊन काय केलं ते लिहीत नाही.

अभ्यास चालू आहे, पण वाचलेलं राहत नाही. थंडी फार वाजते. दोन गोधड्या घेतल्या तरी पाय गार. केस विंचरले की फणीत गुंताच्या गुंता येतो.

एक विचारायचं आहे. माझ्यासाठी नाही, एक मैत्रीण विचारते आहे. तिला तीन-चार महिने पाळी आलेली नाही. ती घाबरली आहे. घरी सांगायची तिची हिंमत होत नाही. काय झालं असेल? काही औषध असतं का? तू नर्स आहेस म्हणून तिनं मला तुलाच विचारायला सांगितलं. लवकर लिही. पत्र आंतर्देशीय पाठव, कार्ड नको. इथे कार्डं सगळे वाचतात.

रत्ना

•

जळगाव,
८ डिसेंबर १९८८

रत्ना,

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला. तीन-चार महिने पाळी नाही आणि लग्न झालेलं नाही, याचा अर्थ काय ते तुला कळत नसेल तर सांगते. त्या मुलीनं तोंड काळं केलेलं आहे. अशा मुली आमच्या दवाखान्यात महिन्याला दोन येतात, आई तोंडावर पदर घेऊन आणते. त्यांची पुढची गत मी डोळ्यांनी बघते.

तू तिच्यापासून दूर राहा. खोली बदलून घे. तिला म्हणावं, आईकडे जा आणि खरं काय ते सांग. मला पुन्हा असलं काही विचारू नकोस. तुझं नाव अशा भानगडीत यायला नको. बारावीचं वर्ष आहे, अभ्यासात लक्ष दे.

लतामावशी

•

जळगाव,
१० डिसेंबर १९८८

अक्का,

घाईत लिहितेय. रत्नाच्या होस्टेलचं वातावरण बरोबर दिसत नाही. तिच्या बरोबरच्या एका मुलीचं काहीतरी वाईट झालं आहे, रत्नाच्या पत्रावरून कळलं. आपली पोर तशी नाही, तरी संगत वाईट. संक्रांतीला येईल तेव्हा जवळ बसवून विचार. कुणाशी बोलते, कुठे जाते, लक्ष ठेव. गिरधरभाऊंना सांगायचं की नाही ते तूच ठरव.

लता

•

नरडाणा,
२२ जानेवारी १९८९

लता,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, लता दवाखान्यात राहून राहून संशयी झाली. आता पुढचं वाच.

संक्रांतीला पोर आली. भोगीच्या दिवशी तिला न्हायला घातलं. ती नको म्हणत होती, मीच जबरी केली. पाठ चोळायला हात लावला तर हाडं लागली. हातपाय काड्या झालेले आणि पोट मात्र वर आलेलं. मला तुझे शब्द आठवले. मी विचारलं, बाहेर कधी बसली होतीस? दोनदा विचारलं. मग म्हणाली, ऑगस्टपासून नाही.

लता, तुझ्या पत्रातली ती मुलगी म्हणजे आपलीच पोर.

मी विचारलं, "कोन शे तो?" ती शपथ घेऊन म्हणे, "तुनी आन आई, कोणीज नई शे." मी मारलं. आजवर हात लावला नव्हता, त्या दिवशी मारलं. ती रडली सुद्धा नाही, नुसती बघत राहिली. यांना कळलं तेव्हा ते उठून शेतात गेले ते दिवेलागणीला आले. आल्यावर एकच बोलले, "कॉलेज बंद." तेव्हापासून पोरीशी बोलत नाहीत.

भागाबाई सुईणीला विश्वासात घेतलं. तिनं काढा दिला आहे, तीन दिवस पाजायचा म्हणते. आज एकदा दिला. सगळा उलटून पडला. तुझ्याकडे दवाखान्याचं काही औषध असेल तर घेऊन गुपचूप ये. सूरत लाइनच्या गाडीनं ये, म्हणजे थेट उतरशील. कोणाला काही बोलू नको.

तुझी अक्का

•

जळगाव,
१२ फेब्रुवारी १९८९

रत्ने,

तू हॉस्पिटलमधून घरी गेलीस आणि मी ड्युटीवर परत आले. आठवडाभर रोज कागद घेते आणि ठेवते. तू सलाइनवर होतीस तेव्हा खोलीबाहेर काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिते आहे.

अक्काचं पत्र मला पंचवीस तारखेला दुपारी मिळालं. सव्वीसला पहिल्या गाडीनं निघाले. नरडाण्याला उतरले तर शाळेत झेंडावंदन चाललेलं. घरात तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. काढा तीनदा पाजून झाला होता. ओठ पांढरे, नाडी हाताला लागेना. मी तुझ्या पोटावर हात ठेवला. रोज दहा बायकांच्या पोटावर ठेवते तसा. तोवर, रत्ने, माझीही खात्री झालेली होती. गाडीत बसून मी मनात ठरवत आले होते की कुठल्या डॉक्टरला भेटायचं, नाव काय सांगायचं. हात ठेवला आणि कळलं की आत काही नाही. नुसतं रिकामं, फुगलेलं पोट.

शेजारच्या रुपचंदकाकांच्या जीपमधून तुला धुळ्याला नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. लघवी तपासली, रक्त तपासलं आणि आम्हाला बाहेर बोलावलं.

"गरोदर नाही ही," त्या म्हणाल्या. "उपाशी आहे. किती दिवसांपासून?"

अक्का म्हणाली, "बाई, आमना घर अन्नले कमी नई शे."

"घरात नसेल. हिच्या अंगात आहे. रक्त अर्ध्यावर आलंय, मीठ-पाणी नाही, जुलाबाच्या गोळ्यांनी आतडी कोरडी पडलीत. त्यात तुम्ही काढा पाजला. आणखी दोन दिवस गेले असते तर माझ्याकडे आणूच शकला नसता."

अक्का कशीबशी म्हणाली, "पण पाळी नई तिले..."

"अहो, खायला मिळेना म्हटल्यावर शरीर आधी तेच बंद करतं. वाढत्या वयाच्या पोरीला तर लगेच. हे हिला कुणी सांगितलं नाही का?"

मग अक्कानं माझा हात धरून मला पुढे केलं. म्हणाली, "मनी बहीण नर्स शे, बाई. तिले बठ्ठं माहीत शे. ती सांगई पोरले."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की हा उपास मीच लिहून दिला. पंधरा दिवसांनी आकडा मीच मागितला, चक्कर येते म्हटल्यावर शाब्बास मीच म्हटलं. गोळीलाही हरकत नाही म्हणणारी मीच. मी "हो, सांगते" एवढंच म्हणाले.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. उपाशी राहिलं की पाळी जाते हे मी ट्रेनिंगला शिकले होते. दुष्काळातल्या बायकांबद्दल शिकवलं होतं. माझ्या भाचीच्या घरी दोन म्हशी, ती कशाला दुष्काळातली, म्हणून ते मला आठवलंच नाही. आणि "एक मैत्रीण" वाचल्यावर ती कोण, काय खाते, वजन किती, हे विचारायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी त्या जागी शिव्या लिहिल्या. वर अक्काला सावध केलं.

गोळ्या, दूध, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आहे, माझ्या मनचं नाही. थोडं थोडं, दर दोन तासांनी. परीक्षेला अजून महिना आहे. झेपेल तेवढे पेपर दे, उरलेले ऑक्टोबरला देता येतात.

उत्तर लिही. रागाचं लिहिलंस तरी चालेल.

लता

•

नरडाणा,
२ एप्रिल १९८९

लता,

रत्ना तुझ्या पत्राला उत्तर देत नाही, म्हणून मी लिहिते आहे. तब्येत सुधरती शे. अर्धी भाकरी दूध कुस्करून खाते. मी समोर बसते.

परीक्षेला तिला पाठवलं नाही. यांची तयारी होती, डॉक्टरचा कागद दाखवून ते म्हणाले, जाऊ दे पोरीला. मीच नको म्हटलं. गावात भागाबाईनं तोंड उघडलं होतं. पोर काढा प्यायली, मग जीपमधून धुळ्याला गेली, मग आठ दिवसांनी आली. लोकांनी आपलं आपलं जोडून घेतलं. मी चार बायकांना तो कागद दाखवला. त्या म्हणतात, तुझी बहीण दवाखान्यातली, कागद काय, कसाही मिळतो. आता काय करशील?

तिची ट्रंक आवरताना तुझी पत्रं सापडली. सगळी वाचली. अर्ध्या भाकरीचं, पाण्याच्या तांब्याचं, शाब्बासकीचं. मी सातवी शिकलेली. पोर वाळती शे हे मला दिसत होतं, पण ती म्हणायची, मावशीनं सांगितलंय, आणि मी गप्प बसायचे. तू शिकलेली म्हणून गप्प बसायचे. आणि डॉक्टरीणबाईपुढे मी तुलाच पुढे केलं.

तुला बोल लावत नाही. काढा मी पाजला, मारलं मी. पोर "तुनी आन" म्हणत होती तेव्हा मी तिच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही. माझ्या मनात हे दिवसभर दळण दळल्यासारखं चालू राहतं.

स्थळ आलं आहे. यावलकडचं, केळीची बागायत. पोराचं नाव अभिमन. लांबचं आहे, तिथवर इथलं बोलणं पोचणार नाही. मे महिन्यात उरकतो. तू ये. पण रत्नाजवळ मागचं काही काढू नको. तिनं हो म्हटलं आहे. मी विचारलं, "तुले पसंत शे का?" तर म्हणाली, "तुम्ही सांगशात तसं."

अक्का

•

जळगाव,
११ नोव्हेंबर १९९१

रत्ना,

आज तू वीस वर्षांची झालीस. अक्काकडून कळलं की तुला मुलगी झाली आणि दोघी बऱ्या आहात. त्याआधी एक गेलं, तेही कळलं. डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

हे माझं सातवं पत्र. तू वाचतेस की नाही ते माहीत नाही. परत येत नाहीत, म्हणून लिहिते.

लग्नाच्या वेळी तुला अठरा पूर्ण व्हायला सहा महिने बाकी होते. मला ते माहीत होतं. कायदा माहीत होता. मांडवात मी तुझ्या मागे उभी राहून तुझा शालू सावरत होते आणि मनात म्हणत होते, आता बोलावं. बोलले नाही. तुझ्या आयुष्याबद्दल पुन्हा काही सांगायचा मला काय अधिकार, असं स्वतःला समजावलं. आता वाटतं, तो अधिकाराचा प्रश्न नव्हता, भित्रेपणा होता. जिथे गप्प बसायचं तिथे मी भरभरून लिहिलं आणि बोलायचं तिथे गप्प बसले.

मुलीचं नाव काय ठेवलंस?

लता

•

यावलजवळून,
२१ ऑगस्ट १९९४

लतामावशी,

तुझी सगळी पत्रं मिळाली. वाचली. उत्तर लिहायला बसले की हात थांबायचा, कारण मला जे लिहायचं होतं ते वाईट होतं, आणि चांगलं लिहिलं तर ते खोटं झालं असतं. आज काम आहे म्हणून लिहिते आहे.

आधी माझं सांगते. मुलगी आता तीन वर्षांची. तिचं नाव शर्मिष्ठा, घरात शमू म्हणतात. मी बरी आहे. हे भले आहेत, आवाज चढवत नाहीत. केळीच्या बागेला पाणी असतं तोवर घरात शांतता असते. बारावी राहिली ती राहिली. सासूबाई, यशोदाबाई, म्हणतात आता कशाला. पहिली दोन वर्षं कॉलेजची पुस्तकं पेटीत होती, मग एकदा वाळवी लागली आणि मी ती चुलीत घातली. धुळ्याहून शिकून आलेली नर्स इथल्या आरोग्य केंद्रात आहे, माझ्याच वयाची. शमूला डोस पाजायला नेते तेव्हा तिच्याकडे बघत बसते. अजूनही मला ताट वाढलं की आधी त्यातलं किती टाकता येईल ते दिसतं, मग भूक लागते. इतक्या वर्षांनी एवढं तरी सांगावंसं वाटलं.

तू मला भाकरी सोड म्हणालीस त्याचा राग कधीच नव्हता. तू प्रेमानं म्हणाली होतीस आणि मलाही बारीक व्हायचंच होतं. पंचवीस मुलींच्या होस्टेलमध्ये त्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हतं. राग त्या दुसऱ्या पत्राचा होता. मैत्रिणीचं लिहिलं होतं त्याचं तुझं उत्तर आलं, तेव्हा मी ते संडासात जाऊन वाचलं. चार वेळा वाचलं. मला इतकं अडाणी वाटलं की तू म्हणतेस तसं माझ्या नकळत माझ्याबरोबर काही झालंय की काय, अशीही मला शंका आली. कसं होतं ते तरी मला कुठे नीट माहीत होतं? आई मारत होती तेव्हा मी रडले नाही ते म्हणूनच. मला वाटत होतं, हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता काम. माझी नणंद कुंदा पंधरा वर्षांची आहे, दहावीत. उन्हाळ्यात तिला एक स्थळ बघायला आलं आणि "जरा भरलेली आहे" म्हणून गेलं. तेव्हापासून ती शाळेचा डबा म्हशीला घालते. मी पाहिलं. ताटात भाकरी कुस्करते, इकडची तिकडे करते. सासूबाई खूश आहेत, शेजारणींना सांगतात, "आमची कुंदा आता कशी पातळ झाली." मी म्हटलं, हे बरोबर नाही, पोर आजारी पडेल. तर म्हणाल्या, "तुला काय डॉक्टरीचं कळतं?" माझं काय झालं होतं ते या घरात कुणाला माहीत नाही. आईनं तेवढ्यासाठी तर इतक्या लांब दिलं.

परवा धुणं धुताना कुंदाला एकटीला गाठलं. म्हटलं, "पाळी येते का ग?" ती पांढरी पडली. मग म्हणाली, "वहिनी, माझी एक मैत्रीण आहे, तिला येत नाही." मी हातातलं लुगडं तसंच पाण्यात सोडलं आणि तिथेच बसले. म्हटलं, "तुझ्या मैत्रिणीनं काही वाईट केलेलं नाही. ती उपाशी आहे. तिला म्हणावं, माझी वहिनी तुझ्याबरोबर जेवायला बसेल, रोज." ती खूप वेळ रडली. काल माझ्याबरोबर एक भाकरी खाल्ली. आज नाही खाल्ली. माझ्या एकटीच्यानं हे होणार नाही, आणि सासूबाईंना माझं पटणार नाही.

तू ये. जळगावहून यावलची एसटी सकाळी असते. स्टँडवर मी शमूला घेऊन येईन. तू मोठ्या दवाखान्यातली सिस्टर आहेस, सासूबाई तुझ्यापुढे तोंड उघडणार नाहीत. कुंदाला आरोग्य केंद्रात दाखवायचं, रक्त तपासायचं, हे तू सांगितलंस तर होईल. आल्यावर माझ्याकडे बघून बारीक झालीस की जाड झालीस असं काही म्हणू नकोस, एवढंच.

कुंदाला सांगितलं आहे की माझी मावशी येणार, नर्स आहे. ती घाबरून म्हणाली, "मला रागावायला?" मी म्हटलं, "नाही. तिच्या हातून एका मुलीचं काय झालं ते सांगायला." सासूबाईही समोर असतील. माझं नाव आलं तरी चालेल, मी तयार आहे. तुला हे जमणार असेल तरच ये.

रत्ना